१८६५ नंतरच्या मुंबईत गुन्हे वाढले, की पोलिसांच्या नोंदी वाढल्या?

शरयू_नाशिकरोड :

नमस्कार मंडळी. मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी ‘वाढती मुंबई, गुन्हे आणि पोलीस : १८६४ ते १९१०’ असा विषय घेतलाय. घेताना सोपा वाटला होता. रेल्वे आली, गिरण्या आल्या, माणसं आली, चोऱ्या वाढल्या, पोलीस वाढवले. पाच प्रकरणं लिहायची आणि मोकळं व्हायचं.

आता पोलिसांचे जुने वार्षिक अहवाल हातात घेतल्यावर डोकं फिरलंय. ज्या वर्षी चोऱ्या वाढल्या त्या वर्षी साहेब लिहिणार, माणसं अपुरी आहेत, आणखी द्या. ज्या वर्षी घटल्या त्या वर्षी लिहिणार, बंदोबस्त चोख होता, तो टिकवायला आणखी माणसं द्या. मार्गदर्शक म्हणतात, आकडे घे आणि आलेख काढ. काढला. एका वर्षी वर, दुसऱ्या वर्षी खाली, त्यातून काहीच हाती लागत नाही.

तर मला विचारायचंय ते असं : या आकड्यांवरून ‘गुन्हे वाढले’ असं लिहिता येतं का? आणि पोलिसांना माणसं खरोखर कशासाठी हवी होती? जमलं तर शेवटी नाशिकशी एक छोटी तुलना करायची आहे, म्हणजे आपल्या गावाचाही उल्लेख होईल. इथे पोलीस खात्यातली आणि कोर्टातली मंडळी आहेत हे माहीत आहे, म्हणून इथेच विचारतेय.


गावठाणकर :

एवढं काय अवघड आहे त्यात? माणसं वाढली की भानगडी वाढणारच. गुन्ह्यांचा आकडा घ्या, लोकसंख्येने भागा, दर हजारी प्रमाण काढा. मुंबईची शिरगणती १८६४ मध्ये ८,१६,५६२ आणि १८७२ मध्ये ६,४४,४०५ आहे. पुढे १८८१ ला ७,७३,१९६. आकडे तयारच आहेत, एक्सेलमध्ये टाका आणि मोकळे व्हा.


बारनिशी :

शरयूताई, गावठाणकरांचं ऐकून लगेच भागाकार करू नका. आधी माझं थोडं ऐका. मी नाशिकच्या वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत रायटर म्हणून काम केलं. बारनिशी, म्हणजे आवक-जावकीचं रजिस्टर सांभाळलं, मुद्देमाल सांभाळला आणि नोकरीतला मोठा काळ क्राईम रायटरच्या टेबलावर काढला. म्हणजे साहेब क्राईम मीटिंगला जो तक्ता घेऊन जातात तो तयार करणारा माणूस मी. इतिहास माझा विषय नाही, पण तक्ता कसा तयार होतो ते मला विचारा.

बुधवारचा बाजार गंगेवर, म्हणजे गोदाकाठी भरतो, तुम्हाला माहीतच आहे. दिंडोरीकडची एक बाई मेथी-कोथिंबीर विकून झाल्यावर ठाण्यात आली. कमरेची पिशवी गेली होती, आत दिवसभराचा गल्ला. ठाणे अंमलदाराने विचारलं, ‘मावशी, कुणी मारली का पडली?’ ती म्हणाली, ‘आता मला काय माहीत बाबा, खाली वाकले होते, उठून पाहते तर नाही.’ ‘कुणाला पाहिलं?’ ‘नाही.’ ‘मग पडलीच असंल.’ झालं. तिला गहाळ झाल्याचा दाखला मिळाला, त्यावर शिक्का, खाली तिचा अंगठा. ती बिचारी कागद घडी करून पोलक्यात ठेवून गेली, पोलिसांनी काहीतरी लिहून घेतलं या समाधानात. पण गुन्हा रजिस्टरला त्या दिवशी ओळ चढली नाही. महिन्याच्या गोषवाऱ्यात ती चोरी नव्हती, वर्षाच्या अहवालात नव्हती, आणि शंभर वर्षांनी तुमच्यासारखं कुणी आलेख काढायला बसलं तर त्याच्याही आलेखात नसणार. ठाण्याचं नाव घेत नाही. कुठलंही घ्या, राव.

उलटही होतं. नवीन साहेब येतात, पहिल्याच मीटिंगला सांगतात, कुणालाही परत पाठवायचं नाही, आलेली प्रत्येक फिर्याद घ्या. तीन महिन्यांत चोऱ्या दीडपट. चोर तेच, गल्ल्या त्याच. एखाद्या ठाण्याची हद्द फोडून नवं ठाणं काढलं तरी तेच. लोकांना ठाणं जवळ पडतं, पायी येऊन तक्रार देता येते, आकडा फुगतो. पंचवटीतून म्हसरूळ वेगळं झालं तसं.

आता हे मुंबईला लावून पाहा. तुमचा काळ सुरू होतो तिथेच पायाखालची जमीन हलती आहे. भारतीय दंड संहिता १८६० ची, पण लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. फौजदारी प्रक्रियेचा पहिला कायदा १८६१ चा. त्याआधी मुंबईतल्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचा इंग्रजी कायदा, मॅजिस्ट्रेटांचे नियम, असा सगळा वेगवेगळा कारभार. म्हणजे १८६१ ची चोरी आणि १८६३ ची चोरी एकाच रकान्यात बसतात असं धरून चालू नका. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा आम्ही निवृत्त लोक चहाच्या टपरीवर बसून हाच विचार करत होतो. चोरीचं तोंडात बसलेलं कलम ३७९ गेलं आणि ३०३ आलं. गळ्यातली पोत ओढून नेणं आता ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आधी ते चोरीत किंवा जबरी चोरीत जायचं. पुढच्या पिढीतला कुणी २०२३ आणि २०२५ चे रकाने शेजारी ठेवून ‘चोऱ्या घटल्या’ असं लिहिणार, लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे माणूस बदलला. १८६४ पर्यंत मुंबईचा पोलीस कारभार चार्ल्स फोर्जेटच्या हातात होता. हा वेश बदलून बाजारात फिरणारा, देशी भाषा अस्खलित बोलणारा गडी. १८५७ मध्ये मुंबईत उठाव होण्याआधी त्याने खबर काढली ती अशीच. त्याची सगळी भिस्त स्वतःच्या कानांवर आणि खबऱ्यांवर. त्याच्यानंतर १८६४ अखेर फ्रँक सूटर पहिला पोलीस कमिशनर झाला आणि १८८८ पर्यंत राहिला. सूटरचा काळ म्हणजे ठाणी, हुद्दे, हजेरी, रजिस्टर. खबऱ्याच्या जोरावर चालणारं खातं कागदावर आलं की गुन्हे वाढलेले ‘दिसतात’. तुमचं १८६४ हे वर्ष म्हणजे नेमका हा सांधा आहे.

आणि गावठाणकर, तुमचा भागाकार. १८६४ चे आठ लाख सोळा हजार हे कुठले लोक? अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेअरचा सट्टा, बॅकबे भरणीच्या कंपन्या, बांधकामं. रत्नागिरी, सातारा, घाटावरून माणूस लोटला होता. १८६५ मध्ये यादवी संपली आणि फुगा फुटला. माणसं गावी परतली, १८७२ ला खानेसुमारी केली तर पावणेदोन लाख माणूस कमी. मधल्या सात वर्षांत शहरात नक्की किती लोक होते? १८६८ च्या चोऱ्यांना तुम्ही कशाने भागणार? सरळ रेषेने अंदाज काढाल तर फसाल, कारण माणसं रेषेत गेली नाहीत, धंदा बुडाल्यावर एकदम गेली. पुढेही तेच. १८९१ ला ८,२१,७६४ आणि १९०१ ला ७,७६,००६. मधे १८९६ चा प्लेग. प्लेगात अर्धं शहर गाव गाठत होतं, घरं कुलूपबंद. रिकामं घर म्हणजे घरफोडीचं आमंत्रण. तिथे दर हजारी प्रमाण काढून काय सांगणार?

मग आकडे फेकून द्यायचे का? नाही. फक्त सगळे रकाने सारखे मानायचे नाहीत. जुन्या अहवालात गुन्ह्यांचे सहा वर्ग दिसतील. एकमध्ये सरकार आणि सार्वजनिक शांततेविरुद्धचे, दोनमध्ये शरीराविरुद्धचे गंभीर, तीनमध्ये मालमत्तेचे गंभीर, म्हणजे दरोडा, जबरी, घरफोडी. चारमध्ये शरीराचे किरकोळ, पाचमध्ये मालमत्तेचे किरकोळ, आणि सहामध्ये उरलेले सगळे, खास कायद्यांखालचे. आम्ही आजही ‘भाग एक ते पाच’ आणि ‘भाग सहा’ असंच बोलतो. साहेबांची खुर्ची बदलली, राज्य बदललं, पण तो तक्ता काही बदलला नाही.

यातला भाग सहा म्हणजे पोलिसांनी किती हालचाल केली त्याचा आकडा. जुगार, दारू, हद्दपारीचा भंग. जुगाराची फिर्याद घेऊन कुणी ठाण्यात येत नाही, पोलीस छापा घालतात तेव्हाच गुन्हा जन्माला येतो. आपण आजही पत्त्यांच्या अड्ड्यावर छापा घातला की १८८७ च्याच जुगार कायद्याचं कलम १२ लावतो. त्या काळच्या मुंबईत तर पावसावरही सट्टा चालायचा. तेव्हा भाग सहा वाढला याचा अर्थ मुंबई बिघडली असा नाही, छापे वाढले असा घ्या. खून मात्र दडवता येत नाही, मढं समोर असतं. मोठी घरफोडीही सहसा लपत नाही, कारण ज्याचं जातं तो शेठ असतो आणि तो गव्हर्नरापर्यंत जातो. कल पाहायचा असेल तर खून आणि भाग तीन पाहा. भाग पाच म्हणजे किरकोळ चोऱ्या, त्यात माझी मेथीवाली मावशी बुडालेली असते.

अजून एक. ‘दाखल’ आकडा घेतलात की ‘खरा ठरलेला’? जुन्या तक्त्यात खोट्या आणि गैरसमजातून आलेल्या फिर्यादी वजा करायचा रकाना असतो. आमच्याकडे त्यालाच समरी म्हणतात. अ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळत नाही, ब म्हणजे फिर्याद खोटी, क म्हणजे ना खरी ना खोटी, गैरसमज. उघडकीचं प्रमाण चांगलं दाखवायचं असेल तर सोपा रस्ता कुठला, सांगा? चोर पकडणं अवघड, फिर्याद ब मध्ये ढकलणं सोपं. ज्या वर्षी खोट्या फिर्यादी अचानक फुगतात आणि उघडकीही वाढते, त्या वर्षापुढे पेन्सिलीने फुली मारा.

माणसं कशाला हवी होती, त्यावर रात्री लिहितो. नातवाला क्लासला सोडायचंय.


अॅड_सिन्नरकर :

बारनिशी काकांचं पटतं, पण पूर्ण नाही. सगळंच रजिस्टरवर ढकललं तर पोटाचा प्रश्न बाजूला पडतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनला कसा लागला ते सगळ्यांना माहीत आहे. त्या काळात धान्याच्या चोऱ्या आणि दरोडे वाढले ते रायटरच्या लेखणीने नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके उभे राहिले त्यामागेही तीच उपासमार आहे. लोक भुकेने मुंबईकडे चालत निघाले आणि तिथल्या किरकोळ चोरीत सापडले. १८६४ चा फटक्यांचा कायदा तयारच होता, चोरीला फटके. तुरुंगातली जेवणं वाचली, सरकारचा खर्च कमी.

दुसरं, काही गुन्हे सरकारनेच तयार केले. १८७८ या एका वर्षात मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला आणि देशाचा जंगल कायदा आला, शस्त्रांचा कायदाही त्याच वर्षीचा. पेठकडच्या माणसाला बाप-आजाने जे केलं तेच करताना एके दिवशी मुद्देमालासह पकडायला लागले.

आणि गुन्हेगार जमातींचा कायदा विसरू नका. १८७१ ला उत्तरेत आला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लागू झाला, १९५२ ला गेला. जन्मावरून हजेरी लावायची, गावाबाहेर जायला परवाना, तो नसला की गुन्हा. हा गुन्हा कुठल्या वर्गात मोजला ते ताईंनी पाहायला हवं, निदान १९१० नंतरचं एक पान वाढवून.


पेठवाला :

वकील साहेब, आमच्याकडे अजून म्हातारी माणसं मोहाच्या फुलांची गोष्ट सांगतात. फुलं वेचायला जायचं तर गार्डाला वाटा, घरी भट्टी लावली तर शिपायाला वाटा. वाटा दिला तर गुन्हा नाही, नाही दिला तर गुन्हा. हे पण आकड्यात धरा भो.


शरयू_नाशिकरोड :

बारनिशी काका, खूप खूप आभार. मी ‘दाखल’ आणि ‘खरे’ असे दोन्ही आकडे मिसळलेत, हे आत्ता तक्ता उघडून पाहिल्यावर कळलं. काही वर्षांचा एक रकाना आणि काही वर्षांचा दुसरा. सगळं पुन्हा भरायला घेतलंय.

सिन्नरकर सर, भूक आणि नोंद या दोन्ही गोष्टी वेगळ्या कशा करायच्या? एकाच तक्त्यात दोन्ही असतात ना. आणि काका, मनुष्यबळाचं राहिलं.


बारनिशी :

हो, राहिलं.

बघा, अहवालात माणसं मागताना साहेब चोऱ्यांचं कारण देतात. पण माणूस कशावर खर्च होतो ते ड्युटीच्या वाटपात दिसतं. मुंबईत १८७४ मध्ये पारशी-मुसलमान दंगल झाली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मोठी हिंदू-मुसलमान दंगल झाली, लष्कर रस्त्यावर आणावं लागलं. मोहरमचे ताबूत दरवर्षी, गणपतीच्या सार्वजनिक मिरवणुका त्या दंगलीच्या सुमारास सुरू झाल्या. १८९६ ला प्लेग आला की घरझडती आणि रेल्वे स्टेशनावरच्या तपासणीला पोलीस. गोदीत प्रिन्सेस डॉक १८८० ला उघडला, तिथे मालाची राखण. कुलाब्याला कापसाच्या गाठींचे ढीग. मलबार हिलच्या बंगल्यांचा पहारा. आता एवढं सगळं भागवून कामाठीपुऱ्यात किंवा परळच्या चाळीत रात्री गस्तीला कोण उरतो? १८६५ ला मुंबईत गॅसचे दिवे लागले तेही आधी मोठ्या रस्त्यांवर. गल्ल्या काळोखातच.

ही गोष्ट मला कुणी शिकवायला नको. सिंहस्थात मी रामकुंडावर बंदोबस्त केलाय. २००३ ला चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्यानंतरच्या सिंहस्थात तर चार-चार जिल्ह्यांतून माणसं आणून घाटाघाटावर उभी केली. पर्वणीच्या दिवशी आमच्या ठाण्यात मागे कोण होतं? एक ठाणे अंमलदार, एक वायरलेसवाला, एक आजारी हवालदार आणि मी. त्या रात्री हद्दीत दोन घरं फुटली. घरमालक सकाळी आला आणि म्हणाला, सगळे पोलीस गंगेवर, आमच्याकडे कोण पाहणार? काय उत्तर देणार त्याला. २०२७ ला पुन्हा तेच येणार आहे. बंदोबस्ताला माणूस लागतो तेव्हा तो आभाळातून पडत नाही, बीटवरून, म्हणजे रोजच्या गस्तीवरून उचलला जातो.

म्हणून माझं म्हणणं असं की त्या काळच्या मुंबईत पोलिसांची संख्या गर्दीच्या हिशोबाने वाढली, चोरीच्या हिशोबाने नाही. तुम्ही वाढीव मंजुरीची वर्षं काढा आणि शेजारी दंगल, प्लेग, मोठा समारंभ यांची वर्षं लिहा. मग चोऱ्यांचा आलेख शेजारी ठेवा. कुठल्याशी जुळतं ते तुम्हीच पाहा. प्रबंधात तेवढं एक पान नीट आलं तरी काम झालं.

पैशाचं विसरू नका. पोलिसांच्या खर्चातला वाटा कुणी द्यायचा यावर सरकार आणि मुंबई पालिका यांची वर्षानुवर्षं ओढाताण होती. शेवटी १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि त्या बदल्यात प्राथमिक शाळा आणि दवाखाने पालिकेच्या गळ्यात आले. म्हणजे १९०७ आधीच्या अहवालात माणसं मागणारा साहेब पैसे दुसऱ्याच्या खिशातून मागतोय, नंतर स्वतःच्या सरकारच्या. मागणीची भाषा बदलली का, ते पाहायला मला तर मजा येईल.

पगार तर विचारूच नका. १९०२-०३ च्या फ्रेझर पोलीस आयोगाने पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी म्हटलं. आणि तोच आयोग म्हणाला की शिपायाला महिन्याला निदान ८ रुपये तरी द्या. म्हणजे त्याआधी काही ठिकाणी तेवढेही मिळत नव्हते! आठ रुपयांत घर चालवणारा माणूस जुगाराच्या अड्ड्यावरून रिकाम्या हाताने परत येईल, ही अपेक्षा करणारे साहेब स्वतः किती घेत होते ते त्यांनाच ठाऊक.

याच आयोगाच्या धक्क्याने प्रशिक्षण आलं. १९०६ ला पुण्याला भांबुर्ड्यात पोलिसांची शाळा निघाली आणि १९०९ ला नाशिकला आली. त्र्यंबक रोडवरची आपली पोलीस अकादमी ती हीच. नाशिकची तुलना करायची म्हणता, तर हा धागा सोडू नका. तुमचं मुंबईचं प्रकरण इथे येऊन पोचतं.


गावठाणकर :

भागाकाराचं मी मागे घेत नाही हां, १८८१ ते ९१ मध्ये तरी तो चालेल. प्लेग नाही, सट्टा नाही. पण काका, १९०९ म्हणजे जॅक्सनचं वर्ष. शाळा आणि तो खून यांचा काही संबंध?


बारनिशी :

चालेल, त्या दहा वर्षांत चालेल.

शाळा आणि खून यांचा संबंध जोडू नका, तसा कागद मी पाहिलेला नाही. पण जॅक्सनचं उदाहरण तक्त्यासाठी छान आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टरवर गोळ्या झाडल्या. नाशिक जिल्ह्याच्या त्या वर्षाच्या तक्त्यात तो काय आहे? वर्ग दोन, खून, एक. गावातल्या भावकीच्या भांडणात कुऱ्हाड घातली तोही एक आणि हाही एक. पण त्या एका आकड्याने नाशिक सरकारच्या डोळ्यात भरलं. मुंबईला खास न्यायालयापुढे खटला चालला, १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी दिली. फ्रेझर आयोगानंतर प्रांतोप्रांती सीआयडी उभी राहिली होती, तिचं लक्ष कुठल्या गावांवर होतं हे तुम्ही चोऱ्यांच्या आकड्यांवरून कधीच ओळखू शकणार नाही. नाशिक तेव्हा चोऱ्यांसाठी कुप्रसिद्ध नव्हतं. वीस-बावीस हजारांचं यात्रेचं गाव, पंड्यांची भांडणं आणि घाटावरचे पाकीटमार.

तुलना करताना दोन खड्डे आहेत, तेवढे सांगतो. एक, मुंबई शहराचा कमिशनर वेगळा आणि मुफसलचे, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांचे पोलीस वेगळे, त्यांचा कायदाही वेगळा. नाशिक १८६७ च्या आणि नंतर १८९० च्या जिल्हा पोलीस कायद्याखाली. त्यामुळे नाशिक मुंबई शहराच्या अहवालात सापडणार नाही, इलाख्याच्या जिल्ह्यांच्या अहवालात शोधा. दोन, नाशिक जिल्हाच मुळी १८६९ चा. त्याआधीचे आकडे नगर आणि खानदेशात वाटलेले. १८६५ च्या नगरमध्ये आपलं सिन्नर बसलेलं असेल आणि तुम्ही ते नगरच्या नावावर मोजाल.


अॅड_सिन्नरकर :

आमचं सिन्नर नगरच्या नावावर नको! 

शरयू, तू विचारलंस की भूक आणि नोंद वेगळी कशी करायची. मी कोर्टात जे करतो तेच कर, दुसरा साक्षीदार उभा कर. पोलिसांचा तक्ता हा एक साक्षीदार, धान्याचा भाव हा दुसरा. पोलीस भावात खाडाखोड करू शकत नाहीत. ज्वारी-बाजरी महागली त्याच वर्षी भाग तीन आणि पाच दोन्ही वर गेले तर भूक बोलतेय. भाव पडलेले असताना नुसता भाग पाच किंवा सहा वर गेला तर नवा साहेब किंवा नवा कायदा बोलतोय. तिसरा साक्षीदार तुरुंग, आत गेलेल्या माणसांचा आकडा वेगळं खातं ठेवायचं.


शरयू_नाशिकरोड :

सर, भाव कुठे मिळतील? आणि मुंबईचे मूळ कागद पाहायचे तर?


बारनिशी :

मूळ कागद मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे तिथे. न्याय खात्याची, म्हणजे ज्युडिशियल डिपार्टमेंटची बाडं मागा, वर्ष सांगून. कॉलेजचं पत्र लागेल. पहिल्या दिवशी सूचीच वाचा, बाडं मागवायची घाई करू नका. साहेब लोकांचे छापील अहवाल सगळे वाचतात, पण त्या बाडांत खालच्या अधिकाऱ्यांची पत्रं असतात. त्यात खरं काय ते बोललेलं असतं, कारण ती छापायची नव्हती.

नाशिकसाठी आधी सावानात जा. जुनं वाचनालय आहे, १८४० पासूनचं. १८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर मागा. त्यात न्याय आणि पोलीस यांचं प्रकरण आहे आणि धान्याच्या भावांचा तक्ताही आहे. भावांचा तक्ता वाचताना सांभाळा. तिथे मणाला किती रुपये असं दिलेलं नसतं, रुपयाला किती पौंड धान्य आलं असं दिलेलं असतं. आकडा उतरला म्हणजे महागाई वाढली. आलेखात टाकण्याआधी उलटा करून घ्या, नाहीतर ऐन दुष्काळात स्वस्ताई दिसेल.